सहलीची अख्खी बस नको, वस्तीची एसटी पुरे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की सहलींचे बेत सुरू होतात. मोठ्या शाळांच्या चार-चार गाड्या पहाटे निघतात आणि किल्ला, मंदिर, बाग, समुद्रकिनारा, वॉटर पार्क असं सगळं एका दिवसात उरकून रात्री अकराला परत येतात. मुलांना मजा येते आणि ती मजाही हवीच, त्यामुळे त्या सहलींवर टीका करण्यासाठी हे पत्र नाही. आमचं म्हणणं छोट्या शाळांपुरतं आहे. सिंधुदुर्गात वाडीवाडीवर पंधरा-वीस पटाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. त्या मोठ्यांच्या सहलीची नक्कल करायला गेल्या की पैसे जातात, दिवस जातो आणि हाती फोटो उरतात. त्याऐवजी वर्षाकाठी अर्ध्या दिवसाच्या तीन-चार क्षेत्रभेटी आखाव्यात, आणि त्याही आपल्याच जिल्ह्यातल्या कलांच्या ठिकाणी. या एका कामात छोटी शाळा मोठ्या शाळेला सहज मागे टाकते.

आधी गाडीचा हिशोब. शाळेचा पट 17 धरू. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते हे खरं, पण भाडं अख्ख्या गाडीचं पडतं. रिकाम्या बाकांचे पैसे शेवटी त्या 17 मुलांच्या पालकांकडूनच घ्यावे लागतात. यावर नेहमीचा तोडगा म्हणजे केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, आणखी दोन शाळा जोडून घ्यायच्या. मुलं चाळीसच्या वर जातात, गाडी भरते, माणशी खर्चही उतरतो, पण ज्यासाठी निघालो तेच बिघडतं. कारागिराच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस मुलं मावत नाहीत. पुढची आठ-दहा बघतात, मागची एकमेकांना ढकलतात आणि शिक्षक 'गप्प बसा' म्हणत राहतात.

सतरा मुलांना मात्र गावात मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी पुरते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतंच. 2023 पासून महिलांनाही अर्धं झालं, म्हणजे बाई आणि सोबत येणाऱ्या आया यांचाही खर्च निम्म्यावर आला. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. परतीची फेरी डेपोत जाऊन विचारायची, कारण शनिवारी काही फेऱ्या नसतात आणि फलकावरचं वेळापत्रक जुनं असू शकतं. दुसरं म्हणजे चार दिवस आधी आगारात एक साधं पत्र द्यायचं, म्हणजे कॉलेजच्या गर्दीत 17 लहान मुलं एकदम चढताना वाहक गोंधळत नाही.

आता कुठे जायचं आणि तिथे काय करायचं. सावंतवाडीची गंजिफा घ्या. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. सावंतवाडीच्या राजवाड्यात ते आजही हातानं रंगवले जातात. तिथे मुलांना नेऊन 'ही आपली जुनी कला' एवढंच सांगून बाहेर काढलं तर अर्धा तासही लागत नाही. पण दशावतारी गंजिफेचा डाव हा चौथीच्या गणिताचा अख्खा धडा आहे. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. दहा बारे 120. मोगल गंजिफेत आठ रंग, म्हणजे 96. दशावतारी डाव तिघांत खेळतात, प्रत्येकाला 40 पानं येतात. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. पहिलीच्या मुलालाही ती मोजता येतात. यातली खरी गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि एक्का लहान. उरलेल्या निम्म्यांत उलट, एक्का मोठा आणि दहा सगळ्यांत लहान. 'नऊ मोठे की तीन?' या प्रश्नाला 'रंग कोणता ते आधी सांगा' हे बरोबर उत्तर असतं, हे मुलांना पुस्तकात कुठे भेटतं? शिवाय दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या रंगापासून सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाच्या. मुलांना हा नियम एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

भेटीआधी हे सगळं वर्गात फळ्यावर झालेलं असावं. तिथे गेल्यावर बघायचं ते काम: कुंचला किती बारीक आहे, गोल कशानं आखतात, आधी कोणता रंग भरतात आणि काळी रेघ शेवटी का येते. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून पानं करत. खळ शाळेत करून बघता येते. चिंचोके भाजून सोलायचे, रात्रभर भिजवून वाटायचे आणि पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचे. ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

परत आल्यावर शाळेचा स्वतःचा डाव करायचा. सतरा मुलांनी प्रत्येकी सात पानं केली की 119 होतात, उरलेलं एक बाईंनी करावं. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा चालतो, गोल बांगडीनं आखावा, पण सगळ्यांनी एकाच मापाची बांगडी घ्यावी. कापायचं काम तिसरी-चौथीकडे द्यावं. पहिलीच्या हातून गोलाला कोपरे पडतात आणि मग पानं पिसता येत नाहीत. हा डाव फसतो तो बहुधा तीन ठिकाणी. पत्रिकांच्या पाठी वेगवेगळ्या राहिल्या तर दुसऱ्या दिवशी मुलं पाठीवरूनच पान ओळखतात, म्हणून सगळ्यांना मागून एकाच रंगाचा कागद लावावा. खळ ओली असताना पानं वाळायला उघड्यावर ठेवली तर ती द्रोणासारखी वळतात. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली की सपाट राहतात. आणि पोस्टर कलर वाळल्यासारखा दिसला तरी दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात. वर पातळ व्हार्निशचा हात द्यावा, तोही शिक्षकांनी, खिडकी उघडी ठेवून.

सावंतवाडीतच चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. मुलांना दुकानात न्यायच्या आधी, जिथे लाकूड फिरत्या लेथवर धरून त्याला आकार देतात तिथे न्यावं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ का, आंब्याचं जड का, हे दोन्हींचे तुकडे हातात दिले की सांगावं लागत नाही. लेथजवळ मुलांना दोन हात लांब उभं करावं, ओढणी आणि मोकळे केस बांधलेले असावेत. दुकान शेवटी. आधी नेलं तर उरलेला वेळ कोणाकडे किती पैसे आहेत या चर्चेत जातो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचा दिवस तिथेच संपतो. आमचं मत स्पष्ट आहे: अशा भेटीत मुलांकडे खरेदीचे पैसे नसावेत. शाळेनं सगळ्यांसाठी मिळून एकच वस्तू घ्यावी.

दुसरं ठिकाण कुडाळजवळचं पिंगुळी. इथल्या ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ हे तिन्ही राखलं. या कलेच्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. गुढीपूर भागात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय आहे. शाळा तिथे जातात, बाहुल्यांचा नाच बघतात, टाळ्या वाजवतात आणि निघतात. चित्रकथी बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही, कारण तिचा वेग वेगळा आहे. कथेकरी बसून एकेक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो आणि मग पुढचं चित्र काढतो. मोबाइलवर बोट सरकवायची सवय असलेल्या मुलाला एका चित्रापुढे चार मिनिटं बसणं जड जातं. म्हणून आधीच फोन करून सांगावं की सगळं थोडं-थोडं नको, एकच आख्यान आणि तेही वीस-पंचवीस मिनिटांचं चालेल. मुलांना ती गोष्ट आधी ठाऊक असावी. गोष्ट ठाऊक असली की लक्ष ती सांगण्याच्या ढंगावर जातं: आवाज कुठे चढवला, वाद्य कुठे थांबवलं, चित्र बदलायच्या आधी काय म्हटलं. बाहुली एकेकाच्या हाती द्यायची विनंती करावी. कुठली दोरी ओढली की मान हलते आणि कुठली ओढली की हात, हे मुलगा स्वतः शोधतो.

परतल्यावर गावातली एखादी गोष्ट घेऊन शाळेची चित्रकथा करता येते, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. इथे एक चूक हमखास होते. प्रत्येकाला 'हवं ते चित्र काढ' सांगितलं जातं. मग चार चित्रं लग्नाची येतात, युद्धाचं एकही नाही, आणि गोष्ट तुटते. आधी गोष्ट तोंडी सांगून तिचे दहा प्रसंग पाडावेत, एका चित्रात एकच प्रसंग. पात्रांचे कपडे आणि रंग फळ्यावर ठरवून लिहून ठेवावेत, नाहीतर तिसऱ्या चित्रातला लाल अंगरख्याचा राजा पाचव्यात हिरवा होतो आणि ऐकणारा विचारतो, हा नवा कोण?

मालवण तालुक्यातल्या शाळांना कुडोपीचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, जवळ आहे. 2022 साली कोकण-गोव्यातली कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक गोव्यातलं आणि सिंधुदुर्गातलं हे एकच. सड्यावर जायची वेळ हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. शिल्पं उथळ कोरलेली आहेत. दुपारी बाराला ऊन थेट डोक्यावर असतं, खाचांत सावली पडत नाही आणि समोर आहे ते दिसत नाही. मुलं म्हणतात, इथे काहीच नाही! सकाळी साडेनऊच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात तीच रेघ उठून दिसते. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात खाचांत पाणी आणि माती असते, मार्चनंतर जांभा दगड तापतो आणि सड्यावर सावलीला झाड नसतं.

शिल्पं उठून दिसावीत म्हणून खडू, रांगोळी किंवा पीठ भरायची हौस अनेकांना असते. ती मुलांसमोर तरी कोणी करू नये. वाळकी पानं आणि माती मऊ केरसुणीनं हलकेच बाजूला केली की पुरे. फोटोऐवजी मोजणी करावी. गवंडी वापरतात ती नायलॉनची बारीक दोरी न्यावी, सुतळी मध्ये झोल खाते. एका आकृतीभोवती तीन मीटर बाय दोन मीटरची चौकट आखायची, तिचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चौकोन पाडायचे, म्हणजे 24 चौकोन होतात. दोरीची टोकं आकृतीच्या बाहेर, धोंड्याखाली दाबायची. कातळात खिळा ठोकायचा नाही. कोपरा काटकोनात आहे की नाही ते गवंड्याच्या गुण्यानं बघायचं. वहीत अर्ध्या मीटरला दोन सेंटीमीटर धरून 12 बाय 8 ची चौकट काढायची आणि दोघा-दोघांनी तीन-तीन चौकोन उतरवायचे. शेजारच्या जोडीची रेघ आपल्या रेघेला जुळली नाही तर कोणीतरी चुकलं, आणि कोण ते मुलं स्वतःच दगडाजवळ जाऊन ठरवतात. पाचवीपर्यंतच्या मुलांना प्रमाण शिकवायला याहून सोपी रीत आम्हाला ठाऊक नाही. सड्यावर पायात बूट हवेत, धोंडा उचलायच्या आधी काठीनं हलवायचा, विंचू असतो. खाचांवर पाय मात्र द्यायचा नाही.

'ही चित्रं पांडवांनी एका रात्रीत काढली' असं गावकरी सांगतील. ते खोडून काढू नये आणि गिळूही नये. वहीत दोन रकाने करावेत, 'लोक सांगतात' आणि 'आम्ही पाहिलं'.

चौथ्या भेटीला तर गाडीच लागत नाही. गावच्या जत्रेला दशावतारी मंडळी येतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, लहान मुलं निम्म्यात झोपतात. संध्याकाळी मंडळी पेटारे उघडतात तेव्हा मंडळाच्या मालकांना विचारून मुलांना अर्धा तास न्यावं. नट आपला चेहरा आपणच रंगवतात, ते बघावं. पायपेटी, मृदंग, झांज जवळून ऐकावं. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर उभं राहून ऐनवेळी बोलायचं असतं. दुसऱ्या दिवशी हाच भाषेचा तास: दोघांना पात्रं द्यावीत, प्रसंग द्यावा आणि बोला म्हणावं. एरवी तोंड न उघडणारं मूल मालवणीत बोलू दिलं तर बोलतं.

शब्दांचंही असंच. प्रत्येक भेटीत एका जोडीकडे फक्त शब्द गोळा करायचं काम द्यावं. हत्याराला कारागीर काय म्हणतो, रंगाला काय म्हणतो, काम बिघडलं तर काय म्हणतो. ऐकलं तसं लिहावं, प्रमाण भाषेत नंतर बघता येईल. वीस प्रश्नांची छापील प्रश्नावली नको. ती दिली की मुलं वर बघतच नाहीत, फलकावरचा मजकूर उतरवून घेतात. जोडीला एक काम, एवढंच.

तयारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाहणीकडे. आठ-दहा दिवस आधी एका शिक्षकानं जाऊन यावं आणि एवढं तरी बघावं: मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे, पाणी कुठे मिळतं, थांब्यापासून किती चालायचं आहे, ठिकाण कोणत्या वारी बंद असतं. सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. द्विशिक्षकी शाळेत दोघंही गेले तरी तिसरं लागतं, ते शाळा व्यवस्थापन समितीतलं किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. त्या मुलांना नावानिशी ओळखतात आणि कोणाला गाडी लागते हेही त्यांना ठाऊक असतं. गाडी लागणाऱ्याला पुढच्या बाकावर खिडकीशी बसवावं आणि रिकाम्या पोटी आणू नये. डब्यात घावणे किंवा तांदळाची भाकरी आणि सुकी भाजी. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात उन्हात टिकत नाहीत. मुलाच्या गळ्यात नावाची पाटी अडकवू नये, कोणीही अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकतो. शाळेचं नाव आणि शिक्षकांचा फोन नंबर पुरे.

कारागिराचा वेळ फुकट मागायची सवय आता सोडायला हवी. तो अर्धा दिवस काम थांबवून मुलांना दाखवतो. आधी फोनवर मानधन ठरवावं, निदान हजार रुपये, आणि ते पाकिटातून मुलांच्या हस्ते द्यावं. आता हे पैसे आणायचे कुठून? समग्र शिक्षा अभियानातलं शाळा अनुदान 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती आणि स्वच्छता. वर्षाला तीन मानधनं म्हणजे तीन हजार, ती त्यातून निघणं कठीण. ग्रामपंचायतीनं किंवा गावच्या मुंबईकर मंडळानं सभामंडपाच्या रंगकामाबरोबर हा खर्चही उचलला तर तो फार मोठा नाही.

खात्याकडे आमची मागणी एकच आहे. मुक्कामाची लांब सहल आणि तालुक्यातली अर्ध्या दिवसाची क्षेत्रभेट यांना एकाच मापानं मोजू नये. आज दोन्हींसाठी तोच प्रस्ताव, तीच संमतीपत्रं, तोच गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंतचा प्रवास, आणि वर 'फोटो ग्रुपवर टाका'. पालकांचं संमतीपत्र हवंच, त्याला आमचा विरोध नाही. पण केंद्राच्या हद्दीतल्या किंवा शेजारच्या केंद्रातल्या भेटीला केंद्रप्रमुखांची एका पानावरची मंजुरी पुरेशी मानावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सहावी ते आठवीसाठी स्थानिक कारागिरांबरोबरच्या दप्तराविना दहा दिवसांची शिफारस करतं, आपल्याकडे शनिवारी उपक्रम घेण्याचा 'आनंददायी शनिवार'ही आहे. पहिली ते पाचवीच्या छोट्या शाळांना त्यातलेच चार शनिवार या भेटींसाठी मोकळे दिले तर वेगळा आदेश काढायचीही गरज नाही. कार्तिकातल्या जत्रा तोंडावर आल्या आहेत. त्याआधी एवढं पत्रक निघालं तर यंदाच सुरुवात करता येईल.

आपले,
कुडाळ, मालवण आणि सावंतवाडी तालुक्यांतील काही प्राथमिक शिक्षक